नऊ नक्ष्या, तीन गुलाब

१

आता जे सांगतो त्यावर सोलापुरात एक माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि सोलापूरच्या बाहेर मी ते सांगतच नाही. एका मिनिटात बारा चोऱ्या झाल्या. चोराला हात नव्हते, पाय नव्हते, त्यानं खोलीचं दार उघडलं नाही की लावलं नाही. आणि त्याला पकडलं कुणी? एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात संताप असलेल्या शहात्तर वर्षांच्या माणसानं. म्हणजे मी. कोंडीबा मास्तर.

"मागल्या खेपेला चौऱ्याहत्तर म्हनला व्हता," सिदू म्हणाला.

हा सिदू. श्रीपूरच्या साखर कारखान्यावर जन्मभर उसाचा ट्रॅक्टर हाकला, आता लेकाकडे सोलापुरात येऊन पडलाय. दिवसभर माझ्याशेजारी बाकावर. बाक कस्तुराबाईच्या चहाच्या टपरीचा, टपरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आणि समोरचं निळं गेट गुरुशांतअण्णांच्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं. त्या गेटाच्या आत हे घडलं.

"दोन वर्सं तुज्यासारख्याशी बोलून वाढली," मी म्हणालो. "ऐकायचं तर ऐक."

मंगळवार होता. उन्हाळा असा की पत्र्याखाली उभं राहिलं तर डोक्यातले विचार वाळून पडावेत. कारखान्यात एक खोली थंड असते, डिझाइनची. तिथं एक कॉम्प्युटर आणि त्यावर अपेक्षा नावाची पोरगी. चादरीवर जी नक्षी येते ती आधी या कॉम्प्युटरवर काढतात, मग ती माग वाचतो आणि विणतो. माझ्या काळी ही नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून मागाला सांगावी लागायची. चाळीस वर्षं मी ती भोकं पाडली. आता अण्णा मला सकाळचे दोन तास बोलावतात, नव्यांना शिकवायला. अपेक्षाला मीच शिकवलं. तिची आई ईरम्मा त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते.

त्या मंगळवारी नक्षीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवायला मल्हार नावाचा इंजिनियर आला. सहाची सात झाली. तो बारा वाजता पेढा खाऊन गेला, आणि सव्वाबाराला अपेक्षानं किंकाळी फोडली.

तिच्या पंधरा नक्ष्या होत्या. दोन वर्षांच्या. त्यातल्या नऊ नव्हत्या.

अण्णा आले. अण्णांचा पुतण्या अजिंक्य आला, तो बाहेरची गिऱ्हाइकं बघतो. मल्हारला अर्ध्या रस्त्यातून परत बोलावलं. शिवणखात्यातल्या बायका खिडकीशी जमल्या, दारात कुणीतरी चहाचं ताट घेऊन थबकलं होतं, मी वळून पाहिलं नाही. अण्णांचा आवाज पत्र्याला लागत होता. "नक्ष्या बाहेर गेल्या! कुनीतरी विकल्या! पिशव्या उघडा!"

पिशवी कुणाची उघडली? अजिंक्यची नाही. मल्हारची नाही. पोरीची. डबा निघाला, शेंगांच्या चटणीची पुडी निघाली, एक वही निघाली. आणि तळाशी पेनड्राइव्ह.

तेव्हा कुणीतरी ओरडलं, "चोर! चोर हाय ही!"

कोण ओरडलं ते विचारू नका. खोलीत गर्दी होती. पण मी सांगतो, तो जो कुणी होता त्याच्या जिभेला फोड यावा. पेनड्राइव्हमध्ये मामेबहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दोनशे, आणि नक्षी एकही नव्हती. पण ते कळायच्या आत तो शब्द साऱ्या शिवणखात्यानं ऐकला होता. ईरम्मा खिडकीतून हात आत घालून लेकीला धरायला बघत होती. "अय्यो, माज्या पोरीला चोर म्हनता? कुनी म्हनलं? तोंड दाखवा त्याचं!"

कुणी तोंड दाखवलं नाही.

अण्णा म्हणाले, "फोटो दाखवून कायबी सिद्ध हुत न्हाय. नक्ष्या फोनवरनंबी जात्यात. शनवारी चारला शिफ्ट सुटंपर्यंत वेळ हाय. नक्ष्या जाग्यावर आल्या न्हाईत तर पोलिसात देतो हिला. आनि आईचंबी काम बंद."

पोरगी रडली नाही. तिनं वही उचलली, डबा उचलला, आणि बाहेर पडली. जाताना कुणाकडे बघितलं नाही.

मी तिथंच ठरवलं, हा चोर मी शोधणार.

इकडं टपरीत कस्तुराबाई गाळणी पातेल्याच्या काठावर आपटत होती. तिला विचारलं, "साखर संपली का?" तिनं गाळणी अजून जोरात आपटली. ती असतेच अशी, आणि ईरम्माच्याच आळीत राहत असल्यानं तिला ही गोष्ट अर्धी ठाऊक आहे, म्हणून ऐकायचा कंटाळा.

२

बुधवारी सकाळी आधी अजिंक्यला धरलं. का, तर तो मला आवडत नाही. तपासाला यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

तो केबिनमध्ये एसी लावून बसला होता. वर्षभर अण्णांच्या मागे लागला होता की हातानं नक्ष्या काढणारी पोरगी कशाला पाहिजे, तयार नक्ष्या बाहेरून घेऊ.

"तुझा फायदा झाला की," मी म्हणालो. "पोरगी गेली."

"मास्तर, तुम्ही माझ्यावर आळ घेताय?"

"घेतोय. कुटं व्हतास मंगळवारी?"

"अकलूजला. डेअरीवाल्यांच्या टॉवेलच्या ऑर्डरसाठी. सकाळी सातला अण्णांचीच गाडी घेऊन गेलो, गेटातून आत आलो तेव्हा इकडं बोंब सुरू झाली होती. ड्रायव्हरला विचारा. गेटावरच्या वहीत बघा."

ड्रायव्हरला विचारलं. वहीत बघितलं. खरं होतं. राग असा आला की त्याची खुर्ची उलटी करावी. माणूस नालायक असावा आणि निर्दोषही असावा, हे मला सहन होत नाही.

"मग ऱ्हायला त्यो इंजिनियर," सिदू म्हणाला.

राहिला. मल्हार. अण्णांनी त्याला शनिवारपर्यंत सोलापुरातच थांबवून घेतलं होतं. पोरगा कपड्यानं नीट, बोलायला मऊ. वयाला मान देणारा, आणि अशा माणसांवर मी जास्त लक्ष ठेवतो.

"काका, अपग्रेडनं फाइल जात नाहीत," तो म्हणाला. "इन्स्टॉलर, म्हणजे नवी आवृत्ती बसवणारा प्रोग्राम, फक्त आमच्या फाइल बदलतो, तुमच्या कामाला हात लावत नाही."

"कशावरनं?"

"अहो, याच कॉम्प्युटरवर याआधी दोनदा अपग्रेड केलंय मीच. सहावरून सहा-एक, सहा-एकवरून सहा-दोन. तेव्हा गेली होती का एक तरी नक्षी? तुम्हीच सांगा."

मला सांगावं लागलं, की नव्हती गेली. दोन्ही वेळा मी खोलीत होतो. पंधराच्या पंधरा, जिथल्या तिथं.

"तोच इन्स्टॉलर, तीच खोली, तोच मी," मल्हार म्हणाला आणि हळूच पुढं सरकला. "आणि पासवर्ड फक्त दोघांकडे. माझ्याकडे आणि तिच्याकडे. वाईट वाटतं, काका. पण मग कोण उरलं?"

मी बाहेर आलो. ऊन होतं, माग धडधडत होते, आणि माझ्या सगळ्या हिशोबात चोर म्हणून एकच नाव उरत होतं. ज्या नावावरचा डाग पुसायला मी निघालो होतो तेच.

३

बुधवारी दुपारी ईरम्माच्या घरी गेलो. दार तिनं उघडलं आणि पुन्हा लावायला लागली. मी पाय मध्ये घातला. तिनं पायासकट लावलं.

"अगं बाई, मी पोरीच्या बाजूनं आलोय."

"कुनाच्याबी बाजूनं या. बाहीर ऱ्हावा."

आतून अपेक्षाचा आवाज आला. "अव्वा, त्यांना विचार काय पायजे."

मी उंबऱ्याच्या बाहेर उभा, पोरगी आत भिंतीकडे तोंड करून बसलेली, आणि मधे ईरम्मा. मी विचारायचं, पोरीनं आईला सांगायचं, आईनं मला. अख्ख्या जगावर चिडली होती पोर. माझ्याकडे कशाला बघेल!

"तिला विच्यार," मी म्हणालो, "कंच्या नऊ गेल्या."

वही बाहेर आली. ईरम्मानं माझ्या छातीवर फेकली म्हणा. पोरीच्या सुबक अक्षरात यादी होती. गेलेल्यांवर लाल खूण.

मी वाचत गेलो आणि मला चोराचीच लाज वाटायला लागली. गेलेल्यात होतं भांडी पुसायच्या फडक्याचं डिझाइन, नुसत्या चौकटी. ते कोण चोरतं? आणि राहिलेल्या सहांत होती हत्ती-अंबारीची चादर, तिनं पाच महिने खपून काढलेली, जी बघून माझ्यासारख्या माणसानं तोंड बंद केलं होतं. ती तशीच जागेवर होती. चोरीच करायची तर ती उचलायची. हा चोर आंधळा तरी होता, नाहीतर त्याला कापडातलं काहीही कळत नव्हतं.

"ईरम्मा, तिला सांग, चोराला नक्षी कळत न्हाय."

"तिला माहीत हाय. मंगळवारपास्नं सांगतीय ती. ऐकतंय कोन?"

भिंतीकडून आवाज आला, तसाच कोरडा. "अव्वा, त्यांना हेबी सांग. नऊ न्हाय गेल्या. बारा गेल्या. तीन माज्या नव्हत्याच. सॉफ्टवेअरसंगं आलेले कंपनीचे गुलाब व्हते, त्या फोल्डरात पडून. मी हातबी लावला नव्हता. तेबी गेले. मंगळवारी हेच सांगाय तोंड उघडलं व्हतं मी. तवर वरडलं कुनीतरी."

मी उंबऱ्यावर खाली बसलो. फुकट मिळणारे गुलाब कोण चोरतं?

४

"थांब," सिदू म्हणाला. "कंपनीचे गुलाब तिच्या नक्ष्यांत कशाला?"

हाच प्रश्न मी मला विचारला, आणि उत्तर सापडल्यावर त्या उन्हात अंगावर काटा आला. उत्तर मीच होतो.

बघ. हे सॉफ्टवेअर बसतं तेव्हा स्वतःबरोबर वीस नमुने आणतं. नमुना एक, नमुना दोन, असे वीसपर्यंत. गुलाब, कोयऱ्या, वेल, असलं काहीतरी. शिकणाऱ्यानं बघायचं, आणि आपलं काम कोऱ्या पानावर, वेगळ्या नावानं करायचं. साऱ्या जगात लोक असंच करत असतील.

सोलापुरात नाही. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की आपण काय करतो? नवा ताणा पहिल्यापासून मागाच्या कंगव्यासारख्या फणीत ओवत नाही. जुन्याची टोकं मागावर ठेवतो, नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना गाठीनं बांधतो, आणि ओढून घेतो. हजारो गाठी. पण फणी पुन्हा भरायला लागत नाही, माप चुकत नाही. कोरा माग म्हणजे आठवड्याचं काम वाया. हे मी पोरीला पहिल्या दिवशी शिकवलं. म्हणालो, "कोऱ्यावर बसू नको. जुन्याला गाठ मार."

तिनं कॉम्प्युटरवरही तेच केलं. नमुना चार उघडायचा, त्यात मागाची सगळी मापं आधीच भरलेली असतात. मग गुलाब पुसायचे, आपली नक्षी काढायची, आणि नाव न बदलता तिथंच ठेवून द्यायची. वहीत लिहायचं: नमुना चार, भांड्याचं फडकं. नमुना नऊ, हत्ती-अंबारी. अशी पंधरा. उरलेले पाच नमुने तसेच पडून होते, दोन कोयऱ्यांचे आणि तीन गुलाबांचे. ती दोन वर्षं हे करत होती आणि मी मागे उभा राहून मान हलवत होतो, की वा, शिकली.

म्हणजे नक्षी तिची, पण वर नाव कंपनीचं.

"मग त्यानं काय हुतं?" सिदूनं विचारलं.

"काय हुतं ते शुक्रवारी दिसलं. आनि दिसलं तेव्हा अख्खा कारखाना आदी नाचला आनि मग मेल्यागत गप झाला."

५

गुरुवारी अण्णा मला भेटले नाहीत. कंटाळून शुक्रवारी मी त्यांच्या गाडीसमोर आडवा झालो.

"मास्तर, उठा," अण्णा म्हणाले.

"चाकाखाली गेलो तरी उठत न्हाय. त्या मल्हारला सांगा, दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा, त्याच्यावर जुनी आवृत्ती बसवायची. सहा-दोन. बास, येवडंच."

"गाडीसमोर आडवा?" सिदू म्हणाला. "त्या ढेरीनं?"

बरं, हात आडवा केला. पण गाडी थांबली.

मल्हार कुरकुरला, पण बसवलं. अर्धा तास लागला. नमुन्यांचं फोल्डर उघडलं तर नमुना एक ते वीस, अख्खे वीस. गेलेली बाराच्या बारा नावं परत! शिवणखात्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ईरम्माला हाक मारायला धावलं. अण्णांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मोतीबिंदू हलला. "मास्तर! आल्या की! ऑ? आल्या!"

ईरम्मा धावत आली, पदर तोंडाला.

मी म्हणालो, "नमुना चार उगडा."

उघडला. भांड्याचं फडकं नव्हतं. गुलाब. नमुना पाच, गुलाब. नमुना नऊ, हत्ती नाही, वेल.

टाळ्या बंद पडल्या. ईरम्मा पडद्याकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. तिला वाटलं मी तिची थट्टा केली. ते बघणं अजून माझ्या मानेवर आहे.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "ह्यो काय तमाशा, मास्तर? मला नक्ष्या पायजेत, गुलाब न्हाय!"

"उद्या शनवार हाय, अण्णा. चारला. सगळ्यांना बोलवा. चोर मी हातात देतो."

आणि चोर कोण ते मला त्या क्षणी कळलं होतं. म्हणून तर बोललो. मल्हारलाही कळलं होतं, कारण तो घामानं भिजला होता, आणि खोलीत एसी होता.

६

शनिवारी, चारला दहा कमी. अण्णा, अजिंक्य, मल्हार, खिडकीशी सगळं शिवणखातं. ईरम्मा आली होती. पोरगी नव्हती. गेटाच्या बाहेर पोलिसाची मोटरसायकल उभी होती, अण्णांनी फोन करून ठेवला होता.

मी दोन कागद टेबलावर ठेवले. पहिल्यावर जुन्या आवृत्तीबरोबर आलेल्या नमुन्यांची नावं, वीस. दुसऱ्यावर नव्या आवृत्तीबरोबर आलेल्या नमुन्यांची, आठ.

"वीसातनं आठ गेले," मी म्हणालो, "ऱ्हायले किती?"

"बारा," खिडकीतून एक बाई म्हणाली.

"ते बारा वाचा. आनि हिच्या वहीतले नऊ लाल वाचा, खाली मी लिवलेले तीन गुलाबबी."

अजिंक्यनं वाचले. एकेक नाव जुळत गेलं. नऊ तिच्या नक्ष्यांची, तीन गुलाबांची. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"हा चोर," मी म्हणालो. "इन्स्टॉलर. नवीन आवृत्ती काढताना कंपनीनं बारा नमुने यादीतनं गाळले. जुने झाले असतील, कुनाला आवडत नसतील. इन्स्टॉलरनं दोन्ही याद्या बघितल्या. जुन्या यादीत हाय, नव्यात न्हाय, म्हंजे ही फाइल मीच आणली होती आनि आता ती नको. काढून टाक. काढली."

"पण आधी दोनदा नव्हती काढली!" हे अण्णा. अण्णा मूर्ख नाहीत. हीच गाठ मला दोन दिवस सुटली नव्हती.

"आदी दोन्ही वेळंला नव्या यादीतबी वीसच नमुने व्हते, अण्णा. तवा त्याचं काम ठेवायचं व्हतं, काढायचं न्हवतं. ठेवताना तो फाइल बघतो. बसवल्यापास्नं हिला कुनी हात लावलाय का? लावलाय, तर वर लिहू नको, पुढं जा. म्हनून पंधराच्या पंधरा वाचल्या. पर काढताना त्यो आत बघत न्हाय. कुनी पाच महिने खपलंय का, कुनाचं प्वाट त्यावर हाय का, कायबी न्हाय. नुसतं नाव वाचतो. नाव माझ्या यादीतलं, चल बाहेर. ठेवताना तपासतो आनि काढताना नाव वाचतो! असला हरामखोर नियम माणसानं लिहिला, आनि माणसानंच हितं येऊन चालवला."

मी मल्हारकडे वळलो. "तुला कवा कळलं?"

तो दाराकडे बघायला लागला.

"शुक्रवारी घाम फुटला तवा कळलं, का मंगळवारीच?"

"काका... नव्या आवृत्तीबरोबर एक सूचनापत्र येतं."

"वाच."

त्यानं फोनवर उघडलं. अजिंक्यनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि मोठ्यानं वाचलं. मराठीत त्याचा अर्थ असा, की काही जुने नमुने या आवृत्तीत काढले आहेत. आपण त्यात बदल केले असतील तर आधी दुसऱ्या नावानं ठेवून घ्या. इन्स्टॉलरनं लिहून ठेवलेली नोंदही निघाली. मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं. बारा ओळी, बारा नावं, प्रत्येकापुढं एकच शब्द: काढलं.

"वाचलं होतं?" अण्णांनी विचारलं.

"पत्र कुणीच वाचत नाही, अण्णा. 'पुढे, पुढे' बटण दाबत... मंगळवारी संध्याकाळी वाचलं. तोपर्यंत तिला... तोपर्यंत सगळं बोलून झालं होतं. मला वाटलं कंपनी मला काढेल."

चार दिवस. चार दिवस एक पोरगी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि या माणसाच्या खिशात त्याचं कारण होतं. मी हात उचलला. हो, उचलला. ईरम्मानं आधी पोचून त्याच्या एक ठेवून दिली, म्हणून माझा वाया गेला. कानडीत ती काय बोलली ते अण्णांना कळलं. अण्णांनी मान खाली घातली.

मग अण्णा बाहेर गेले, पोलिसाला हात जोडून परत पाठवला, आणि स्वतः चालत ईरम्माच्या घरी गेले. गुरुशांतअण्णा, ज्यांनी आपल्या सासऱ्याला कधी हात जोडले नाहीत, त्यांनी पोरीला जोडले. सोमवारी पोरगी कामावर आली. सगळं शिवणखातं उठून उभं राहिलं. ती आपल्या खुर्चीत बसली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मामा, चहा सांगा की." आणि नऊच्या नऊ नक्ष्या वहीवरून पुन्हा काढल्या. या वेळी नव्या नावांनी. झालं. आता सांगा, आहे का सोलापुरात दुसरा कुणी?

"भारी," सिदू म्हणाला. त्यानं ग्लास खाली ठेवला. "पर एक ऱ्हायलं. तो मंगळवारी वरडनारा. 'चोर' म्हननारा. त्यो कोन व्हता?"

"असंल कुनीतरी. गर्दी व्हती म्हनलं की. अजिंक्य असंल."

कस्तुराबाईनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि टपरीच्या पुढं आली.

"अजिंक्य तवा तोंड उघडून बगत उबा व्हता," ती म्हणाली. "दारात चहाचं ताट घिऊन मी व्हते, कोंडीबा. तू वळून बगितलं न्हाईस, पर मी तुलाच बगत व्हते. पेनड्राइव्ह निगाला आनि तू वरडलास. अण्णाबी दचकले. शनवारी अण्णा हात जोडत गेले ते खरं, मी शेजारच्या उंबऱ्यावर व्हते. पोरीनं त्यांना पानी दिलं. म्हनली, 'तुमचा राग न्हाय अण्णा, तुमी मालक, तुमाला मी काय म्हाईत? पर मामानं दोन वर्सं माज्या मागं उबं ऱ्हाऊन मला गाठी मारायला शिकवलं.' सोमवारी ती आली न्हाय. कंच्याच सोमवारी आली न्हाय. त्या नऊ नक्ष्या अजून कुनी काडल्या न्हाईत, खुर्चीवर धूळ हाय, आनि तू हितं बसून तिच्या तोंडनं चहा सांगतोस व्हय रं?"